एकाच कीबोर्डमधला ऑर्गन आणि पियानो मिक्सरला वेगवेगळे कसे द्यायचे?

खाडीकाठचा · मंगळवार, रात्री १०.१२

मंडळी, नमस्कार. आमचा ऑर्केस्ट्रा आहे, कुडाळ-मालवण पट्ट्यात कार्यक्रम करतो. हळदी, गणपती, जत्रा, सीझनमध्ये तारकर्लीच्या रिसॉर्टवाल्यांकडे शनिवार-रविवार. माझ्याकडे रोलँडचा जुनो डीएस ६१ आहे. स्प्लिट करून डाव्या हाताला ऑर्गन, उजव्या हाताला पियानो. काही गाण्यांना दोन्ही एकावर एक.

भानगड अशी की साउंडवाल्याकडे माझा एकच फेडर (मिक्सरवरची आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) असतो. अंतऱ्याला पियानो ऐकू येत नाही म्हणून तो फेडर चढवतो. मग कोरसला मी ऑर्गनचे कॉर्ड दाबून धरले की पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं खुर्च्या मागे सरकवतात. फेडर उतरवला की पियानो गायब. प्रत्येक कार्यक्रमात हेच.

मला ऑर्गनची लाइन वेगळी आणि पियानोची वेगळी द्यायची आहे. पण कीबोर्डच्या मागे जॅक दोनच, एल/मोनो आणि आर. यातून मार्ग आहे का? नवीन कीबोर्ड घे हा सल्ला सोडून बोला, यंदा आंबा कसा गेला ते सगळ्यांना माहीत आहे.

पांढरीपाच · मंगळवार, रात्री १०.३१

पॅन कर. ऑर्गन पूर्ण डावीकडे, पियानो पूर्ण उजवीकडे. झालं.

वाळूशिल्प · मंगळवार, रात्री १०.४०

वाचतोय. माझ्याकडे एक्सपीएस १० आहे, दुखणं तेच.

कन्सोलमागचा · मंगळवार, रात्री ११.२५

पांढरीपाच यांनी एका ओळीत सांगितलं ते बरोबर आहे, पण तेवढ्यावर काम होत नाही. मी रत्नागिरीत साउंड करतो, मिक्सरच्या बाजूने सांगतो.

जुनोवर परफॉर्मन्स मोडमध्ये जा, तिथे प्रत्येक आवाज वेगळा 'पार्ट' असतो. ऑर्गनच्या पार्टचा पॅन एल ६४, पियानोच्या पार्टचा ६३ आर. डाव्या जॅकमधून ऑर्गन, उजव्यातून पियानो. दोन्ही जॅक लावलेच पाहिजेत. नुसता एल/मोनो लावलास तर कीबोर्ड आतल्या आत दोन्हीची बेरीज करून देतो, म्हणजे पुन्हा होतं तिथेच.

आता माझ्यासारख्याला काय सांगायचं ते ऐक. कीबोर्डच्या दोन वायरी दिसल्या की साउंडवाल्याचा हात आपोआप एक चॅनल डावीकडे, एक उजवीकडे फिरवतो. तसं झालं तर मैदानाच्या एका बाजूच्या लोकांना नुसता ऑर्गन आणि दुसऱ्या बाजूला नुसता पियानो. तेव्हा केबल देतानाच सांग, "हे स्टिरिओ नाही, दोन मोनो आहेत, दोन्ही मधोमध ठेव." केबलच्या टोकाला पांढरी टेप लावून मार्करने 'ऑर्गन' आणि 'पियानो' लिही. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही, साउंडचेकला तर नाहीच.

आणि डिजिटल मिक्सर असेल तर बघ, त्या दोन चॅनलना स्टिरिओ लिंक केलेलं असतं. लिंक काढायला लाव, नाहीतर एक फेडर हलवला की दुसरा बरोबर जाणार.

खाडीकाठचा · मंगळवार, रात्री ११.५०

दादा, आत्ता हेडफोन लावून करून बघितलं. डाव्या कानात ऑर्गन, उजव्यात पियानो, बरोबर. पण फक्त ऑर्गन वाजवला तरी उजव्या कानात मागून काहीतरी येतंय. लांबून आल्यासारखं.

कन्सोलमागचा · बुधवार, सकाळी ७.०५

तो रिव्हर्ब, म्हणजे आवाजाची घुमणारी शेपटी. पॅन लागतो तो मूळ आवाजाला. रिव्हर्ब आणि कोरस (गाण्यातला नव्हे, आवाज दाट करणारा इफेक्ट) हे सगळ्या पार्टांसाठी सामायिक असतात, त्यांच्याकडे प्रत्येक पार्टमधून थोडा थोडा आवाज जातो आणि परत येताना तो दोन्ही बाजूंना पसरून येतो. म्हणून ऑर्गनची शेपटी पियानोच्या लाइनमध्ये शिरते. दोन्ही पार्टांचा रिव्हर्ब सेंड आणि कोरस सेंड शून्य कर. कोरा आवाज पाठव, रिव्हर्ब मिक्सरवर मिळतो, आणि मोकळ्या मैदानात तो किती द्यायचा हे समोर उभ्या माणसालाच कळतं.

पॅचच्या, म्हणजे निवडलेल्या आवाजाच्या, स्वतःच्या इफेक्टमध्येही स्टिरिओ डिले किंवा ऑटो पॅन असेल तर तोही बंद. डिले एकदा डावीकडे एकदा उजवीकडे उडाला की सगळं मुसळ केरात.

तपासायची पद्धत सोपी आहे. मिक्सरवर ऑर्गनचा चॅनल म्यूट कर आणि ऑर्गन जोरात वाजव. पियानोच्या चॅनलचा मीटर हलता कामा नये. मग उलट.

सूरदांडी · बुधवार, सकाळी ९.१८

थोडं खोडसाळ वाटेल, पण लिहितो. एवढा उपद्व्याप हवाच कशाला? आम्ही वर्षानुवर्षं एकाच वायरीवर वाजवलं. पियानो ऐकू येत नसेल तर पियानो जोरात वाजवावा, ऑर्गन जास्त होत असेल तर पायाने कमी करावा. कीबोर्डवर प्रत्येक पार्टचा लेव्हल असतो, एक्स्प्रेशन पेडल असतं, आणि देवाने कान दिलेत. आपला बॅलन्स मिक्सरवाल्याच्या हातात देणं म्हणजे भाजीत मीठ शेजारणीला घालायला सांगण्यासारखं आहे.

पांढरीपाच · बुधवार, सकाळी ९.३०

शेजारीण पण आज चांगली असते, उद्या नसते. 😀

कन्सोलमागचा · बुधवार, दुपारी १.४०

सूरदांडी काका, तुमचा मुद्दा लहान हॉलपुरता मान्य. स्टेजवरून तुम्हाला जे ऐकू येतं तेच लोकांना ऐकू येत असेल तर हाताने बॅलन्स करावा, त्यासारखं दुसरं काही नाही. जत्रेच्या मैदानात मात्र वादक मॉनिटर ऐकतो आणि लोक समोरचे बॉक्स ऐकतात. या दोन आवाजांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही.

शिवाय प्रश्न नुसत्या लेव्हलचा नाही. पियानोचा आवाज ठोक्यासरशी उसळतो आणि लगेच ओसरतो. ऑर्गन बोट उचलेपर्यंत तेवढ्याच जोराने उभा राहतो. म्हणून मीटरवर दोन्ही सारखे दिसले तरी कानाला ऑर्गन मोठा लागतो. एकाच चॅनलवर कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारा) लावला तर ऑर्गन त्या कॉम्प्रेसरला सतत दाबून धरतो आणि पियानोचा ठोका चेपला जातो. इक्यूचंही, म्हणजे खर्ज-मध्य-तार कमीजास्त करण्याचंही, तसंच. ऑर्गनचा २५० ते ४०० हर्ट्झचा भाग थोडा कापला की गायकाचा आवाज मोकळा होतो. तोच काप पियानोला लागला की पियानो डब्यासारखा वाजतो. एका नॉबवर दोघांना खूश ठेवता येत नाही.

सूरदांडी · बुधवार, दुपारी २.१५

कॉम्प्रेसरचं पटलं. बाकी मी माझ्या मताशी कायम.

एक मात्र सांगतो खाडीकाठ, वायरी वेगळ्या कर की नको करू, पेडलं आधी वेगळी कर. सस्टेन पेडल फक्त पियानोला लागलं पाहिजे. सीसी ६४ (सस्टेन पेडलचा मिडी नंबर) ऑर्गनच्या पार्टवर बंद. नाहीतर पियानोसाठी पाय दाबलास की ऑर्गनचे सगळे सूर एकमेकांत अडकून चिखल होतो. आणि एक्स्प्रेशन, म्हणजे सीसी ११, फक्त ऑर्गनला. हॅमंडच्या ऑर्गनमध्ये कळ हळू दाबा की जोरात, सूर तेवढाच. चढउतार सगळा पायातून. तुझा निम्मा त्रास इथेच मिटेल असं मला वाटतं.

खाडीकाठचा · बुधवार, दुपारी २.४०

काका, हे सोन्यासारखं सांगितलंत. सस्टेन आत्ता दोन्हीला लागलेलं आहे.

केवडा · बुधवार, सायंकाळी ६.०२

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे पण याच धाग्यात विचारते. मी सावंतवाडीकडे चर्चमध्ये वाजवते. नाताळच्या गाण्यांना मोठ्या क्वायरमागे ऑर्गन लागतो आणि मुलांच्या गाण्यांना पियानो. क्वायर मागे माळ्यावर उभा राहतो, मुलं पुढे वेदीजवळ. सगळा आवाज पुढच्याच दोन स्पीकरमधून येतो, त्यामुळे क्वायरला ऑर्गन उशिरा ऐकू येतो आणि ते मागे पडतात. वरच्या पद्धतीने मला ऑर्गन मागच्या स्पीकरला आणि पियानो पुढच्या स्पीकरला पाठवता येईल का? मिक्सर लहान आहे, सहा चॅनलचा.

कन्सोलमागचा · बुधवार, रात्री ८.३३

ताई, या पद्धतीचा सगळ्यात चांगला उपयोग तुमच्याकडेच होईल. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पुढचे स्पीकर क्वायरपासून २० मीटरवर असतील तर ऑर्गन त्यांच्यापर्यंत पोचायला साठेक मिलिसेकंद लागतात. माणूस त्यावर गायला लागला की मागे पडणारच, त्यात त्यांचा दोष नाही. ऑर्गनचा स्पीकर त्यांच्या शेजारीच ठेवा.

पियानोचा चॅनल मेनला पाठवा, पुढचे स्पीकर. ऑर्गनचा फेडर खाली ठेवून त्याचा ऑक्स सेंड (चॅनलचा आवाज वेगळ्या वाटेने बाहेर नेणारा नॉब) उघडा आणि ऑक्समधून मागच्या पॉवर्ड स्पीकरला वायर द्या. ऑक्स प्री-फेडर असला पाहिजे, नाहीतर फेडर खाली केल्यावर ऑक्समध्येही काही जाणार नाही. लहान मिक्सरवर 'मॉनिटर' किंवा 'मॉन' लिहिलेला सेंड बहुतेक वेळा प्री-फेडरच असतो, 'एफएक्स' लिहिलेला पोस्ट-फेडर.

पुढे बसलेल्या लोकांना ऑर्गन कमी पडला तर फेडर किंचित वर करा. जास्त नको, नाहीतर तोच सूर दोनदा ऐकू येईल.

केवडा · बुधवार, रात्री ८.५०

'मॉन' लिहिलेलं बटण आहे! आजवर त्याला कुणी हात लावलेला नाही. रविवारी करून बघते.

चारतोंडी · बुधवार, रात्री १०.२०

ज्यांच्याकडे चार आउटपुटवाला कीबोर्ड आहे त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. माझ्याकडे नॉर्ड स्टेज आहे, गोव्यातल्या एका वादकाकडून सेकंडहँड घेतलेला. त्याला मागे चार जॅक आहेत, १-२ आणि ३-४. मेनूत राउटिंग असतं, ऑर्गन, पियानो, सिंथ हे विभाग वेगवेगळ्या जोड्यांवर टाकता येतात. यामाहाच्या पीएसआर एसएक्स ९०० लाही मेनशिवाय सब आउट आहेत, आपल्याकडे तो बऱ्याच ऑर्केस्ट्रांमध्ये दिसतो.

मी पियानो १-२ वर स्टिरिओ ठेवतो आणि ऑर्गन एकट्या ३ वर. ३ मधून निघालेली वायर थेट डीआयला (कीबोर्डचा आवाज मिक्सरपर्यंतच्या लांब केबलसाठी तयार करणारा डबा) जात नाही, आधी रोटरी पेडलमध्ये जाते. वेगळं राउटिंग मी मुळात याच्याचसाठी करतो. ऑर्गनला थोडा फाटलेला आवाज आणि फिरता स्पीकर हवा, पियानोला यातलं काहीही लागलं तर तो दारू प्यायल्यासारखा वाजतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हॅमंड ऑर्गन १९३५ मध्ये बाजारात आला, आणि डोनाल्ड लेस्ली नावाच्या माणसाने त्याच्यासाठी फिरता स्पीकर बनवला. लाकडी कपाटात वर फिरणारा भोंगा आणि खाली फिरणारा ड्रम, ८०० हर्ट्झच्या वरचं भोंग्याकडे, खालचं ड्रमकडे. हळू फिरताना मिनिटाला साधारण ४० फेरे, जोरात ४०० च्या आसपास. मजा वेग बदलताना येते. भोंगा हलका म्हणून लगेच पळतो, ड्रम जड म्हणून रेंगाळत मागून येतो. तेवढा काही सेकंदांचा गोंधळ ऐकून लोक वळून बघतात.

वाळूशिल्प · बुधवार, रात्री १०.३४

पण चारतोंडी, लेस्लीचा आवाज स्टिरिओत घुमतो. खाडीकाठ ऑर्गन एका जॅकवर मोनो देणार म्हणजे ते घुमणं गेलंच की.

चारतोंडी · बुधवार, रात्री १०.५५

हेडफोनवर जातं, मैदानात फारसं नाही. लेस्ली हा मुळात एकच स्पीकर, स्टिरिओ येतो तो दोन माईक लावले म्हणून. मोनोतही सूर वरखाली होतो, आवाज लहानमोठा होतो, तेवढं ऑर्गन ऑर्गन वाटायला पुरतं. आणि जत्रेत डावा बॉक्स पिंपळाखाली, उजवा बॉक्स कुल्फीच्या गाडीमागे. स्टिरिओ ऐकायला नेमका मधोमध कोण बसलाय?

जुनोवर रोटरी इफेक्ट ऑर्गनच्याच पार्टला लावता येतो. फक्त तो इफेक्ट आवाज पुन्हा दोन्हीकडे पसरवतो का ते बघ. पसरवत असेल तर इफेक्टमधला स्प्रेड कमी कर. तरी नाहीच जमलं तर कीबोर्डमधला रोटरी बंद आणि डाव्या जॅकनंतर पेडल.

पायपेटी · गुरुवार, सकाळी ६.४८

सगळे हॅमंडबद्दल बोलताहेत म्हणून मध्ये पडतो. आमच्याकडे संगीत नाटकाला जो ऑर्गन लागतो तो हा नव्हे. पायाने भाता मारायचा, आत पितळी स्वरपट्ट्या. बालगंधर्वांच्या काळापासून नाटकात रुळलेला. पेटीत हवा स्वरपट्टीवर ढकलली जाते, या ऑर्गनमध्ये ती आत ओढली जाते, म्हणून त्याचा आवाज पेटीपेक्षा गोल आणि शांत. गाणाऱ्याच्या मागे भिंतीसारखा उभा राहतो, पुढे येत नाही.

जुने ऑर्गन आता गावोगावी घेऊन फिरणं परवडत नाही. टेम्पोत दोन धक्के बसले की भाता गळतो, पावसाळ्यात लाकूड फुगून कळा अडकतात. म्हणून आमची मंडळी कीबोर्डवर भागवतात. आणि तिथे तुमचा हा धागा कामाचा आहे, कारण नटाला ऑर्गन कानाशी लागतो, सूर धरायला. प्रेक्षकांत तो मंदच हवा. पियानो आम्ही फक्त पडदा पडताना आणि प्रसंगाच्या पार्श्वसंगीताला वापरतो, तो नटाच्या मॉनिटरमध्ये आला तर नट चिडतो. एकच वायर असताना हे कसं करणार?

ऑर्गनचा पॅच निवडताना: ड्रॉबारवाला (सूर मिसळायच्या सरकपट्ट्यांचा) ऑर्गन असेल तर आठ फुटी बराचसा बाहेर, सोळा आणि चार फुटी थोडे, बाकी सगळे आत. पर्कशन बंद, क्लिक बंद, रोटरी थांबवलेला, नुसता हळू केलेला नव्हे. तरी खरा नाही वाटणार, पण पद चालू असताना टोचणारही नाही.

सूरदांडी · गुरुवार, सकाळी ८.१०

पायपेटी, सकाळी सकाळी मन प्रसन्न केलंत. नटाच्या मॉनिटरचं तुमचं म्हणणं बिनतोड आहे. तिथे वेगळ्या वायरी हव्यातच, माझं मत तेवढ्यापुरतं मागे.

डबलबारी · गुरुवार, सकाळी ९.२२

अरे बाबांनो, ह्या सगळा वाचून माझी टकली गरगरली. आमच्या भजनाक एक पेटी, एक पखवाज, झांजो आणि दोन माईक. पेटीवाल्याचो माईक जवळ सरकवलो की पेटी मोठी, लांब केलो की बारीक. एल नाय आणि आर पण नाय. तुमका इतक्यो वायरी कशाक व्हयेत?

पांढरीपाच · गुरुवार, सकाळी ९.४१

बुवा, तुमच्या समोरच्या बाजूच्या बुवांनी परवा इको लावला होता, तेव्हा तुम्हीच साउंडवाल्यावर ओरडलात. मी होतो तिथे.

डबलबारी · गुरुवार, सकाळी ९.४५

ता येगळा. 😄

फणसाळकर · गुरुवार, दुपारी १२.३०

एक स्वस्त उपाय सुचवतो. दोन जॅकऐवजी वाय केबल लावली तर? दोन आउटपुट एकत्र करून एकच वायर न्यायची आणि मिक्सरजवळ परत दोन करायच्या. वायर वाचते.

कन्सोलमागचा · गुरुवार, दुपारी १.०५

नको. एकदा दोन आवाज एका तारेत मिसळले की पुढे कितीही फाटे फोडा, प्रत्येक फाट्यात दोन्ही आवाज असणार. शिवाय दोन आउटपुट थेट एकमेकांना जोडले की दोघं एकमेकांवर जोर काढतात, आवाज पडतो, फाटतो. एका आउटपुटमधून दोन ठिकाणी वायर फोडणं चालतं, दोन आउटपुट एकत्र करणं नाही. त्याला मिक्सरच लागतो.

तुम्हाला बहुधा इन्सर्ट केबल म्हणायचं असेल. एका टोकाला स्टिरिओ जॅक, दुसऱ्या टोकाला दोन मोनो जॅक. ती हेडफोनच्या भोकात लावली तर टिपवर डावा, रिंगवर उजवा, म्हणजे आपला ऑर्गन आणि पियानो वेगळेच मिळतात. मागचा एखादा जॅक कार्यक्रमाच्या मध्यात बिघडला तर हा आपत्कालीन मार्ग. रोज वापरू नका, हेडफोनचं भोक ढिलं होतं.

फणसाळकर · गुरुवार, दुपारी १.१२

हो, तीच.

खाडीकाठचा · गुरुवार, सायंकाळी ७.४०

आज तालमीत केलं. पॅन, सेंड शून्य, पेडलं वेगळी. साउंडचा मुलगा म्हणाला, पहिल्यांदा तुमचा पियानो कळला. पण दोन गोष्टी अडल्यात.

एक, पियानो आधी भरदार वाजायचा, आता पातळ वाटतो. दोन, दोन्ही चॅनलवर घूंऽऽ असा आवाज येतोय. एक वायर असताना कमी होता.

चारतोंडी · गुरुवार, रात्री ८.०६

पातळ पियानोचं कारण पॅच स्टिरिओ आहे. डाव्या बाजूला खर्जाचे सूर, उजव्या बाजूला वरचे असं रेकॉर्ड केलेलं असतं. तू पॅन पूर्ण उजवीकडे नेलास की बऱ्याच कीबोर्डवर फक्त उजवी बाजू उरते. खर्ज गेला तो तिथे. मोनो पियानोचा पॅच शोध, त्याचं नाव आकर्षक नसतं आणि हेडफोनवर तो बारकाच वाटतो, पण पीएवर, म्हणजे कार्यक्रमाच्या बॉक्सवर, तोच उठून दिसतो. बरेच स्टिरिओ पियानो मोनोत बेरीज केल्यावरही पोकळ वाजतात, कारण दोन बाजूंच्या लहरी एकमेकांना खातात. तेव्हा पॅच निवडताना हेडफोन काढून ठेव आणि एकाच स्पीकरवर ऐक.

कन्सोलमागचा · गुरुवार, रात्री ९.१५

आता घूंऽऽ. तो बहुतेक ५० हर्ट्झचा आणि त्याच्या पटीतला हम आहे. कीबोर्डच्या जॅकमधून निघते ती अनबॅलन्स्ड लाइन. पाच-सहा मीटरपर्यंत ठीक, त्यापुढे ती वाटेत येईल ते सगळं गोळा करते. दोन वायरी झाल्या, दुप्पट गोळा झालं.

स्टेजवर कीबोर्डजवळच डीआय बॉक्स ठेव. दोन आवाज आहेत तर दोन डीआय, किंवा एकाच डब्यात दोन चॅनल असतात तो. कीबोर्डपासून डीआयपर्यंत आखूड जॅक केबल, डीआयपासून पुढे एक्सएलआर, माईकला लागते ती तीन पिनांची केबल. मग मैदान कितीही लांब असू दे. कीबोर्डचा आवाज दमदार असतो, ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआय पुरतो, त्याला फँटम (मिक्सरमधून केबलवर येणारी वीज) लागत नाही. अॅक्टिव्ह असेल तर त्याला बॅटरी किंवा मिक्सरमधून ४८ व्होल्ट लागतील. पण तेच ४८ व्होल्ट डीआयशिवाय, नुसत्या जॅक-एक्सएलआर जोडणीतून कीबोर्डच्या जॅकवर गेले तर आउटपुट जळू शकतं. साउंडवाला "डीआय नाही, ही घे केबल" म्हणाला तर आधी फँटम बंद आहे का विचार.

हम तरीही राहिला तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघ. आणि कीबोर्डची वीज शक्यतो मिक्सरच्याच लाइनवरून घे, लाइटिंगच्या बोर्डावरून नको. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायची युक्ती काही जण सांगतात. हम जातो खरा, पण जनरेटरवर, ओल्या जमिनीवर, पत्र्याच्या स्टेजवर ती पिनच तुला आणि माईक धरलेल्या गायकाला वाचवते. ती कधीही काढू नकोस.

वाळूशिल्प · गुरुवार, रात्री ९.३७

शेवटच्या परिच्छेदाला हजार वेळा +१.

खारेवारे · गुरुवार, रात्री १०.५०

आमच्याकडची एक गोष्ट कुणी बोललं नाही. गुहागर, देवगड, वेंगुर्ला, समुद्राच्या वाऱ्यात राहिलेला जॅक हिरवा पडतो. पॅनची पद्धत वापरताना हे जास्त नडतं. एकच वायर असेल तर खरखर येते आणि कळते. इथे एका जॅकचा संपर्क गेला की थेट पियानोच जातो, आणि साउंडवाला समजतो तुम्ही वाजवतच नाही.

जॅकच्या टोकावर बोटाने काळपट थर लागतो तो कोरड्या सुती कापडाने पुसा. कीबोर्डच्या भोकात कॉन्टॅक्ट क्लीनर थेट फवारू नका. जॅकच्या टोकावर मारा आणि तो जॅक आतबाहेर करा, कीबोर्ड बंद ठेवून. केस बंद करताना आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या मधूनमधून बदला किंवा गरम करून वाळवा. पावसाळ्यात कीबोर्ड कपाटात कोंडून ठेवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा लावून वाजवलेला बरा, आतल्या उबेने ओल जाते.

टॅबलेटराव · शुक्रवार, सकाळी ७.२०

दुसरा मार्ग: ऑर्गन कीबोर्डमधून घ्यायचाच नाही. डावा झोन मिडीवर बाहेर काढा, आयपॅडवर ऑर्गनचं अॅप, आयपॅडला ऑडिओ इंटरफेस, त्याचे आउटपुट वेगळ्या डीआयला. पियानो कीबोर्डच्या दोन्ही जॅकमधून पूर्ण स्टिरिओ राहतो. डाव्या झोनचा कीबोर्डमधला आवाज बंद करायला विसरू नका, नाहीतर दोन ऑर्गन वाजतील. बफर १२८ सॅम्पल ठेवलं तर ४४.१ किलोहर्ट्झला तीनेक मिलिसेकंद, इंटरफेसचे थोडे मिळून, हाताला जाणवत नाही.

सूरदांडी · शुक्रवार, सकाळी ८.०२

आणि मेच्या उन्हात दुपारच्या साउंडचेकला आयपॅड गरम होऊन बंद पडला की डावा हात खिशात घालून उभं राहायचं. माझा पॅनलाच पाठिंबा, हे मी लिहितोय यावर माझा मलाच विश्वास बसत नाही.

टॅबलेटराव · शुक्रवार, सकाळी ८.१०

सावलीत ठेवा काका. पण हो, एकदा तसं झालेलं बघितलंय.

केवडा · रविवार, दुपारी १.१५

आज ऑर्गन मागच्या स्पीकरला दिला. क्वायर वेळेत गायला, आणि पहिल्या गाण्यानंतर कंडक्टरने मागे वळून वर बघितलं. मुलांच्या गाण्याला पियानो पुढून आला. ऑर्गनचा फेडर मी पूर्ण खाली ठेवला होता, पण पुढे बसलेल्या आजी म्हणाल्या की ऑर्गन लांबून आला तरच बरा वाटतो, तेव्हा वर करायची गरज पडली नाही. एकच शंका: दोन गाण्यांमध्ये पॅच बदलला की पॅन परत मधोमध जातो.

कन्सोलमागचा · रविवार, दुपारी २.००

वा! पॅन हा पॅचबरोबर सेव्ह होतो ताई. प्रत्येक गाण्याचा परफॉर्मन्स किंवा रजिस्ट्रेशन वेगळं सेव्ह करावं लागेल, पॅन आणि शून्य सेंडसकट. सोपी रीत म्हणजे एक रिकामा नमुना करा, डावा पार्ट पूर्ण डावीकडे, उजवा पूर्ण उजवीकडे, सेंड शून्य, सस्टेन फक्त पियानोला. नवीन गाणं आलं की त्याचीच नक्कल करून फक्त आवाज बदला.

खाडीकाठचा · रविवार, रात्री ९.२६

दोन चॅनलचा पॅसिव्ह डीआय मागवला, मंगळवारी येईल. मोनो पियानोचा पॅच सापडला, चारतोंडी म्हणाले तसाच, हेडफोनवर अगदी गरीब आणि बॉक्सवर दणदणीत. हम लाइटिंगच्या बोर्डावरून प्लग काढल्यावर निम्म्याहून कमी झाला. शनिवारी वेंगुर्ल्याला कार्यक्रम आहे, त्याआधी इन्सर्ट केबल हातात हवी. कणकवली-कुडाळमध्ये कुणाकडे जादा आहे का?

फणसाळकर · रविवार, रात्री ९.४८

माझ्याकडे आहे, तीन मीटरची. बुधवारी कुडाळच्या बाजाराला येतोय. मेसेज कर.